तिरक्या ट्रेलरची जोड-सोड: अडतं ते कोनामुळं नाही, ताणामुळं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेरीलँडमध्ये घर, ड्राइव्हवे चढाचा आणि वर जाऊन डावीकडं वळणारा, २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर गॅरेजच्या बाजूच्या पट्टीवर उभा करायचा तर ट्रक आणि ट्रेलरमध्ये ४५ अंशाच्या आसपास कोन राहतोच, कारण सरळ व्हायला समोर जागाच नाही. सोडताना स्प्रिंग बार (ट्रेलरचं वजन वाटून देणारे हिचचे दोन दांडे) निघत नाहीत, कपलरचं (ट्रेलरचं पुढचं टोक, जे हिचच्या बॉलवर बसतं) लॅच उघडत नाही, आणि जोडताना एका बाजूच्या बारची चेन लागते, दुसरीची लागत नाही. मग असं तिरकं जोडलं-सोडलं तर चालतं का, की वेगळ्या कंपनीची हिच, म्हणजे ट्रकमागची ट्रेलर जोडायची यंत्रणा, घ्यावी?

चालतं, आणि हिच बदलू नका. मी अकरा वर्षं ट्रेलर ओढतोय, आधी एक छोटा होता, आता २६ फुटी आहे, आणि आमच्या व्हर्जिनियातल्या घराचा ड्राइव्हवे तुमच्यापेक्षा बरा असला तरी कॅम्पग्राउंडमध्ये निम्म्या वेळा तरी तिरकंच सोडावं लागतं. झाड असतं, पिकनिक टेबल असतं, समोरच्या साइटवाल्यानं ट्रक नाक बाहेर काढून लावलेला असतो. तेव्हा सरळ रेषेत आल्याशिवाय सोडायचंच नाही हा नियम ऐकायला छान आहे पण पाळता येत नाही.

आता नीट बघा, तुम्ही तीन तक्रारी सांगितल्यात पण त्या तिन्हींचं मूळ एकच आहे. बॉल गोल आहे. कपलर त्याच्यावर टोपीसारखा बसतो, त्याला ट्रक डावीकडं आहे का उजवीकडं याचं काही देणंघेणं नाही, ४५ अंशातही तो तितकाच छान बसतो आणि तितकाच छान निघतो. अडवतो तो ताण, आणि तिरकं असताना ताण तीन ठिकाणी साठतो: बारमध्ये, बॉल-कपलरच्या मध्ये, आणि ट्रेलरच्या टायरमध्ये. या तिसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही आणि पाय मोडायचा असेल तर त्याच्यामुळंच मोडतो, म्हणून त्याच्यावर जास्त लिहितो.

आधी बार. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं डोकं ट्रकला घट्ट बसवलेलं असतं आणि बार ज्या ब्रॅकेटला चेननं अडकवायचे ते ब्रॅकेट ट्रेलरच्या ए-फ्रेमवर, म्हणजे पुढच्या त्रिकोणी चौकटीवर, असतात. म्हणजे बारचं एक टोक ट्रकचं ऐकतं आणि दुसरं ट्रेलरचं. दोन्ही एका रेषेत असताना चेन सरळ खाली लोंबतात. ट्रेलर वळला की बार बसतात ती डोक्यातली भोकं बॉलच्या डाव्या-उजव्या अंगाला असल्यामुळं वळणाच्या आतल्या बाजूचा ब्रॅकेट डोक्याच्या जवळ येतो आणि बाहेरच्या बाजूचा लांब जातो. ४५ अंशात हा फरक दोन-तीन इंचाचा सहज होतो, म्हणून एका बाजूची चेन मागं झुकते आणि दुसरीची पुढं. तुम्ही तिसरी कडी मोजून लावायला जाता आणि ती ब्रॅकेटच्या हुकाखाली येतच नाही. तुमचं मोजणं बरोबर आहे, जागा चुकलीय.

त्यात तुमचा चढ. सरळ असताना ट्रकचं नाक वर असलं तर तो फरक दोन्ही बारना सारखाच लागतो. पण ट्रक तिरका झाला की त्याचं वर-खाली हे ट्रेलरच्या दृष्टीनं थोडं डावं-उजवं होतं, म्हणजे हिचचं डोकं ट्रेलरच्या मानानं एका कुशीवर कलतं. एक बार वर येतो, दुसरा खाली लोंबतो. एक सहज बसतो आणि दुसऱ्याला पाइप लावून लोंबकळलात तरी बसत नाही ते यामुळं. कृपा करून लोंबकळू नका. स्नॅप-अप ब्रॅकेट (चेन अडकवून पाइपनं वर फिरवायचा तो) ताणात असताना पाइप हातातून सुटला तर तो उलटा फिरून हनुवटीवर किंवा मनगटावर बसतो, आणि तो खेळण्यातला स्प्रिंग नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन दांडीवर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकावर, असायला हवं असं धरतात, म्हणजे ६,५०० पौंडाच्या ट्रेलरला साधारण ६५० ते ९७५ पौंड, ते सगळं वाटून द्यायचं काम हे बार करतात, तेव्हा त्यांच्यात किती जोर भरलेला असेल बघा.

मग करायचं काय. बार घरापाशी काढायचेच नाहीत, आणि घरापाशी लावायचेही नाहीत. तुमच्या गल्लीत, ड्राइव्हवेच्या तोंडाशी, जिथं ट्रक-ट्रेलर सरळ रेषेत उभे राहतात तिथं थांबायचं, हॅझर्ड लाइट लावायचे, मागं दोन शंकू ठेवायचे, ट्रक पार्कमध्ये आणि हँडब्रेक, आणि ट्रेलरच्या चाकांना तेवढ्यापुरते चॉक, म्हणजे अडसर. कपलर बॉलवर लॅच झालेलाच असू दे, त्याच अवस्थेत टंग जॅक (दांडीवरचा जॅक) खाली सोडून ट्रेलरची दांडी आणि ट्रकची मागची बाजू दोन्ही एकत्र तीन-चार इंच वर उचलायची. ट्रकची शेपटी वर आली की बारमधला ताण जातो आणि चेन दोन बोटांनी निघते, पाइप जेमतेम लागतो. बार काढून ट्रकमध्ये टाका, जॅक पूर्ण वर घ्या (हे विसरून जॅकचा पाय ड्राइव्हवेवर घासत नेणारे मी पाहिलेत, एकदा आरशात बघूनच पाहिलाय), चॉक काढा, आणि मग फक्त बॉलवर, माणूस चालतो त्या वेगानं, मागं घ्या. सोबत घर्षणाचा वेगळा स्वे-बार असेल, डुलणं रोखणारा, छोट्या बॉलवर बसणारा, तर तो मागं घेण्याआधी काढलाच पाहिजे, तीव्र कोनात तो आतपर्यंत दबतो आणि वाकतो.

फक्त बॉलवर नेणं हे ड्राइव्हवेपुरतं, शंभर-दीडशे फूट. पेट्रोल भरून येतो म्हणून तसंच हायवेला जायचं नाही. ट्रकच्या रिसीव्हरवर, म्हणजे हिच ज्यात घुसते त्या चौकोनी नळीवर, स्टिकर असतं त्यावर दोन वेगवेगळे आकडे लिहिलेले असतात, बार नसतानाचा आणि बार असतानाचा, बऱ्याच रिसीव्हरवर बार नसतानाचा आकडा निम्माच असतो. तो एकदा खाली वाकून वाचा आणि ट्रकचं मॅन्युअलही बघा.

बाहेरगावी हेच कॅम्पग्राउंडच्या आतल्या रस्त्यावर करतो. आत शिरल्यावर डंप स्टेशनच्या (सांडपाणी सोडायच्या जागेच्या) बाजूला किंवा डे-यूज पार्किंगला सरळ मोकळी जागा असतेच, तिथं पाच मिनिटं घालवून बार काढून मगच साइटकडं जायचं. मागचे लोक हॉर्न मारत नाहीत, कॅम्पिंगला आलेले लोक जरा शांत असतात.

आता टायर. तुमचा ट्रेलर दोन ॲक्सलचा आहे. एका बाजूला एकामागं एक दोन चाकं, आणि ती वळत नाहीत. तीव्र कोनात मागं घेताना ट्रेलर जागच्या जागी फिरतो तेव्हा पुढचं चाक एकीकडं घासतं आणि मागचं उलटीकडं, टायर रिमवरून अक्षरशः कलतो, बाजूला उभं राहून बघितलं तर पोटात गोळा येतो. थांबलात की टायर त्या कललेल्या अवस्थेतच उभे राहतात, पिळलेल्या टॉवेलसारखे. दांडीला बाजूला जायचं असतं पण बॉलनं धरून ठेवलेलं असतं. तुम्ही जॅक फिरवून कपलर बॉलच्या वर काढला की धरणारं कुणी राहत नाही आणि दांडी एकदम बाजूला उडी मारते.

हे मी शिकलो ते शेनँडोह नॅशनल पार्कमध्ये, बिग मेडोज कॅम्पग्राउंडला. स्कायलाइन ड्राइव्हवर, तिथल्या डोंगरातल्या रस्त्यावर, वेग ३५ मैलांचाच, त्यात धुकं, पोचेपर्यंत अंधार, वर पाऊस, बायको टॉर्च घेऊन मागं उभी, मुलं गाडीत भांडतायत. चौथ्या प्रयत्नात ट्रेलर आत बसला पण ट्रक रस्त्यावर आडवा, कोन ५०-६० अंश तरी असेल. म्हटलं झालं एकदाचं, सोडा. जॅकखाली तीन लाकडी ठोकळे एकावर एक ठेवलेले, जॅकचा दांडा बराच बाहेर आलेला. कपलर बॉलवरून सुटला त्या क्षणी दांडी टेबलाच्या दिशेनं चांगली वीतभर सरकली, वरचा ठोकळा निसटला आणि कपलर धप्पकन सेफ्टी चेनवर लोंबला. माझा डावा पाय त्याआधी दोन सेकंद तिथंच होता, मी टॉर्च घ्यायला वळलो म्हणून हलला. चेन आधी काढून ठेवल्या असत्या तर दांडी जमिनीतच रुतली असती आणि जॅकही वाकला असता. त्या रात्री कुणी जेवलं नाही नीट.

तेव्हापासून करतो ते असं. साइटवर ट्रेलर हवा तिथं आला की लगेच सोडत नाही, ट्रक फूटभर पुढं घेतो आणि फूटभर मागं, शक्य असेल तर पुढं घेताना तीन-चार फूट. चाक गडगडत थोडं फिरलं की टायरमधला पीळ बराचसा निघून जातो. ट्रेलर मग चार इंच इकडंतिकडं होतो, होऊ दे. डावं-उजवं लेव्हल करायचं असेल तर फळ्या किंवा प्लॅस्टिकचे ठोकळे याच वेळी चाकाखाली घालायचे, ट्रक जोडलेला असतानाच, सोडल्यावर ते करता येत नाही. मग चॉक, दोन्ही बाजूंना, चाकाच्या पुढंही आणि मागंही. दोन टायरच्या मध्ये बसणारे एक्स-चॉक मिळतात ते चांगलेच आहेत पण ते उभा ट्रेलर डुलू नये म्हणून, जमिनीवरच्या चॉकऐवजी नाही. तुमच्या चढावर तर अजिबात नाही.

इथून पुढची पायरी लोक गाळतात आणि मग लॅच उघडत नाही म्हणून घाम गाळतात. चॉक लागल्यावर ट्रकचा ब्रेक हळू सोडायचा, न्यूट्रलमध्ये, म्हणजे ट्रेलरचं वजन चॉकवर जाऊन टेकेल आणि ट्रकही आपल्या जागी बसेल, तो दोन-तीन इंच हलेल. चढावर हे करताना पाय ब्रेकवरच तयार ठेवा, मागं कुणी उभं नको. त्यानंतर हँडब्रेक, मग पार्क. हे केलं नाही तर ट्रक बॉलनं कपलरला ढकलत राहतो किंवा ओढत राहतो, आणि लॅचचा आतला जबडा बॉलवर दाबून बसतो. तिरकं असताना हा दाब सरळ पुढं-मागं नसून कपलरच्या एका गालावर येतो, म्हणून नेहमीपेक्षा जास्त अडतं.

तरीही नाही उघडलं तर काय करायचं? ठोकायचं नाही. मी सांगलीकडचा, आमच्याकडं उसाच्या सीझनला ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि ट्रॉलीची पिन अडकली की घण घालायचा हीच पद्धत लहानपणापासून बघितलेली, पिन तीन बोटं जाड असते तिला काही होत नाही. तीच सवय घेऊन मी पहिल्या ट्रेलरच्या लॅचवर हातोडा चालवला आणि पत्र्याचं लॅच वाकवलं, मग सुट्टीच्या दिवशी चाळीस मैलांवरून नवा कपलर आणावा लागला. त्यापेक्षा बायकोला किंवा मुलाला लॅचपाशी उभं करा, म्हणजे बाजूला, ट्रक आणि ट्रेलरच्या मध्ये नाही, आणि तुम्ही ट्रक आधी किंचित मागं टेकवा, एक-दोन इंच, नाही झालं तर किंचित पुढं. कुठल्यातरी एका जागी लॅच आपोआप ढिलं पडतं. कधीकधी अडचण उलटी असते, जॅकनं आधीच दांडी उचलून धरलेली असते आणि जबडा बॉलच्या खालून दाबला गेलेला असतो, तेव्हा जॅक अर्धा इंच खाली घ्या, लॅच उघडा, मग परत उचला.

उचलताना सेफ्टी चेन काढायच्या नाहीत. कपलर बॉलच्या पूर्ण वर जाईपर्यंत चेन अडकवलेल्याच हव्यात. जॅकखाली एकच मोठा, रुंद ठोकळा ठेवा, म्हणजे दांडा कमी बाहेर येतो, आणि उभं राहायचं ते वळणाच्या बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूला, म्हणजे ट्रकचा बंपर आणि ट्रेलरची फ्रेम यांच्यातल्या त्या निमुळत्या कोपऱ्यात, मुलांना तर नाहीच, स्वतःही नाही. कपलर सुटला की मग चेन, सेव्हन-पिन प्लग (ट्रेलरच्या दिव्यांची आणि ब्रेकची वीजजोडणी), ब्रेकअवेची वायर, सगळं काढा आणि ट्रक पुढं घ्या, पण स्टिअरिंग सरळ ठेवून निदान चार फूट. घाईत लगेच वळवलं तर मागच्या चाकाच्या पाठीमागं राहिलेला ट्रकचा भाग उलट दिशेला झुलतो आणि बॉल जॅकच्या पायाला जाऊन भिडतो.

ब्रेकअवेच्या वायरीबद्दल एक राहिलं. ट्रेलर सुटला तर पिन ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक लागावेत म्हणून ती असते, ते ब्रेक निदान १५ मिनिटं धरून राहावेत असा इथला नियम आहे. वायर आखूड असेल किंवा लांबच्या हुकात अडकवली असेल तर तीव्र कोनात ट्रेलर न सुटताच ती पिन ओढली जाते, ब्रेक जाम होतात आणि तुम्ही ॲक्सिलरेटर देत बसता की मागं का जात नाहीये. तिरकं घेताना ट्रेलर एकाएकी जड वाटला तर आधी ती पिन बघा. सेफ्टी चेनचंही तसंच, कपलरखाली फुलीसारख्या आडव्या लावा आणि एकदा पूर्ण कोनात थांबून बाहेरच्या बाजूची चेन आणि प्लगची वायर ताणली जात नाही ना ते खाली वाकून बघून घ्या.

जोडणं हे सोडण्यापेक्षा सोपं आहे, तुम्हाला ते अवघड वाटतंय कारण तुम्ही ट्रकच सरळ आणायला बघताय. ट्रक कुठल्याही कोनातून येऊ दे, फक्त बॉल कपलरखाली आला पाहिजे. बॅकअप कॅमेऱ्यातली मधली रेष बॉलवरून जाते, ती कपलरवर धरा आणि ट्रेलर कसा उभा आहे ते विसरा. दहा फुटांवर असतानाच रेष जुळली पाहिजे. शेवटच्या फुटात दोन इंच डावीकडं हवं म्हणून स्टिअरिंग फिरवून काही होत नाही, तेवढ्यात बॉल बाजूला सरकतच नाही, त्यापेक्षा आठ-दहा फूट पुढं जाऊन परत या, लाज वाटायचं कारण नाही, मी अजून दोनदा तरी जातोच. आणि टेलगेट उघडं ठेवून मागं येऊ नका, ते जॅकच्या डोक्यावर आदळतं.

लॅच बसलं, पिन घातली, की खात्री करायची एकच पद्धत मला मान्य आहे: जॅकनं दांडी वर उचला आणि ट्रकची शेपटी दोन इंच वर येते का बघा. आली तर कपलरनं बॉल धरलाय. कपलर एकटाच वर आला तर जबडा बॉलच्या खाली न जाता वरच बसला होता, आणि तिरक्या-चढाच्या जागी हे सरळपेक्षा जास्त वेळा होतं कारण कपलर एका कडेवर टेकतो आणि वरून बघितलं तर बसल्यासारखा दिसतो. मग चेन, प्लग, ब्रेकअवे, चॉक काढणं, जॅक पूर्ण वर. चालत्या वेगानं बाहेर या, ट्रकमधल्या ब्रेक कंट्रोलरवरून हातानं ट्रेलरचा ब्रेक एकदा लावून बघा, गल्लीत सरळ उभे राहा, परत जॅकनं दोन्ही उचला आणि बार लावा. दोन्ही बाजूंना सारख्याच कड्या, हव्या त्या कडीला लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवा म्हणजे पावसात मोजत बसायला नको. ब्रॅकेटच्या सेफ्टी पिना विसरू नका.

हिच बदलण्याबद्दल: चेनऐवजी एल-आकाराच्या ब्रॅकेटवर बार टेकणाऱ्या हिच असतात, इक्वलायझर वगैरे, त्यात मागं घेताना काही काढावं लागत नाही हा खरा फायदा आहे, पण ४५ अंशात चढावर बार काढायचे म्हटलं तर त्याही तशाच अडतात. हेन्स्ली किंवा प्रोप्राइड प्रकारात बॉल कायम कपलरमध्येच राहतो आणि ट्रकचा दांडा हिचच्या पेटीत घुसवायचा असतो, तो गोल बॉल नव्हे, चौकोनी दांडा, तो पुढं-मागं, डावं-उजवं आणि कलतं असं तिन्ही बाजूंनी जुळावा लागतो. रस्त्यावर डुलणं थांबवायला तो प्रकार उत्तमच आहे. पण तुमच्या तिरक्या चढाच्या ड्राइव्हवेवर तुम्ही आत्ता आहात त्यापेक्षा जास्त वैतागाल, आणि पैसे बरेच जास्त.

एक गोष्ट मात्र मला इथून सांगता येत नाही आणि ती तुम्ही मोजल्याशिवाय कळणार नाही. रविवारी सकाळी, शेजारचे उठायच्या आधी, ट्रेलर नेहमीच्या कोनात उभा करून ट्रकच्या बंपरच्या कोपऱ्यापासून गॅसच्या टाक्यांच्या कव्हरपर्यंत आणि ए-फ्रेमपर्यंत किती अंतर उरतं ते टेपनं मोजा. सहा इंचापेक्षा कमी असेल तर तुमचा कोन ४५ नाहीये, जास्त आहे, आणि मग पट्टीवर ट्रेलर दोन फूट मागं सरकवून बघायला लागेल. आकडा कळवा.